आत्याबाईंनी सोडलेला कंद

तुमच्या मागच्या पत्रात धाकटीने विचारलं आहे, की 'कँडी'ला मराठीत काय म्हणतात. गोळी म्हणतात, एवढं लिहून मी मोकळी झाले असते. पण हा शब्द आमच्या घरात एकदा येऊन गेलेला आहे, आणि त्याने व त्याच्या भाऊबंदांनी मिळून एका म्हाताऱ्या बाईला वर्षभर अर्धपोटी ठेवलं होतं. तेव्हा नुसत्या गोळीवर भागणार नाही. क्रमाने सांगते.

लग्न होऊन मी कर्जत आणि खालापूरच्या मधल्या आमच्या गावी आले ती एकोणीसशे वीस ते तीसच्या मधली वर्षं. तुमचे आजोबा मुंबईला नोकरी करत आणि शनिवारी घरी येत. घरात एरवी आम्ही चौघं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीत कारकुनी करून घरी बसलेले. कोणत्याही गोष्टीचा निकाल लावल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. सासूबाई स्वयंपाक बघत. मामंजींची थोरली बहीण, आत्याबाई, लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेल्या. त्या परसबाग बघत आणि आम्हा तिघांवर नजर ठेवत. चौथी मी, पुण्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेली, ट्रंकेत एक इंग्रजी शब्दकोश आणि एक वनस्पतिशास्त्राचं पुस्तक घेऊन आलेली. या पुस्तकांचा त्या घरात काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

आत्याबाईंचा जीव कोनफळावर. आमच्याकडे त्याला नुसतं कोन म्हणतात. पावसाळ्यात त्याचा वेल मांडवावर चढतो, थंडीत पानं वाळली की खाली खणायचं. हातभर लांब, वरून मातकट आणि आतून गर्द जांभळा असा तो निघतो. उकडून, मीठ आणि तूप घालून आत्याबाई तो खात, आणि त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. विधवा बाईला त्या काळी उपास फार. एकादश्या, सोमवार, प्रदोष, शिवाय चातुर्मास. पण कोन, रताळी, सुरण, करांदे यांच्या जोरावर आत्याबाईंची तब्येत उपासाच्या दिवशी जास्त चांगली असे.

माझ्या लग्नानंतरच्या थंडीत मामंजी, सासूबाई आणि आत्याबाई काशीयात्रेला गेले. काशी करून पुढे गयेला गेलं, की तिथल्या वडाखाली एक फळ आणि एक भाजी सोडायची अशी रीत आहे. तिथला उपाध्याय, ज्याला आपण गयावळ म्हणतो, तो हातावर पाणी घालतो. पाणी खाली पडताना ज्याचं नाव घ्याल ते जन्मात पुन्हा खायचं नाही. आवडतं असेल ते सोडावं अशी अपेक्षा असते. तिथे काय झालं ते मला सासूबाईंनी परत आल्यावर सांगितलं.

मामंजींनी फळ म्हणून सफरचंद सोडलं. सफरचंद तोवर आमच्या घरात कोणी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी घोसाळं सोडलं, जे खाल्लं की त्यांच्या पोटात दुखत असे.

"न पाहिलेलं काय सोडतोस रे," आत्याबाई तिथेच भावाला म्हणाल्या. "उद्या वाघिणीचं दूध सोडशील."

मग त्यांची पाळी आली. फळ म्हणून त्यांनी जांभूळ सोडलं, ते त्यांना खरोखर आवडत असे. मग भाजी म्हणून म्हणाल्या, कोनफळ.

"फळ झाली, माई," गयावळ म्हणाला. त्याला मराठी येत होती, फक्त सगळी क्रियापदं तो स्त्रीलिंगी वापरी. "आता भाजी बोला."

"अहो, तीच भाजी. मातीखाली होते. एवढी लांब, एवढी जाड."

मागे यात्रेकरूंची रांग लागलेली. गयावळाने आत्याबाईंचे हात बघितले, आणि असली वस्तू त्याला कळली असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "कंद," तो म्हणाला. "बोला, कंद सोडली." आत्याबाई म्हणाल्या, "कंद सोडला." पाणी पडलं.

घरी आल्यावर यात्रेचं मावंदं घातलं. गंगेच्या पाण्याची पूजा झाली, गावजेवण झालं. पंगतीत सासूबाईंनी बटाट्याची भाजी वाढायला घेतली, तेव्हा आत्याबाईंनी पानावर आडवा हात धरला.

"वन्सं, बटाटा आहे."

"बटाटा कंद नाही?"

सासूबाई भाजीचं भांडं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "तुम्ही कोन सोडलात ना?"

"मनात कोन होता गं. पण पाणी पडताना तोंडातून कंद गेला. देवाला मनातलं कळतं, पण पाण्याला तोंडातलंच कळतं. मी काय तुझ्यासारखं घोसाळं सोडलंय?"

हा टोमणा सासूबाईंना लागला, आणि त्यांनी भांडं पुढच्या पानाकडे नेलं. अशा रीतीने बटाटा गेला. त्याच आठवड्यात कोन, रताळी, सुरण, करांदे, अळकुड्या म्हणजे अळूचे गड्डे, आणि मुळा गेला. कांदा आत्याबाई आधीपासूनच खात नसत. मामंजींना हे काम आवडलं. ते झोपाळ्यावर बसून एकेका वस्तूचा निकाल लावू लागले. आलं जमिनीखाली होतं, म्हणून आलं कंद. मग हळदही कंद. हळद कंद ठरली त्या दिवसापासून आत्याबाईंचं वरण वेगळं, पांढरं शिजू लागलं.

जवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या डोंगरवाडीतली एक ठाकरीण आमच्याकडे करांदे घेऊन येई. ती टोपली उतरवून ओटीच्या पायरीवर बसली, तर आत्याबाईंनी टोपलीकडे पाठ फिरवली.

"म्हातारीला काय झालंय?" तिने मला विचारलं.

"त्यांनी कंद सोडलाय. देवाला."

"समदं?"

"सगळे."

तिने जरा वेळ आत्याबाईंच्या पाठीकडे पाहिलं. "आजारी हाय का नाय ते तरी सांग. आजारी नाय तर मी टोपली दुसऱ्या दारी नेते, तुमचा देव निवला की सांगावा धाडा." सासूबाईंनी आम्हा तिघांपुरते करांदे घेतले आणि ते आत्याबाईंच्या नजरेआड शिजवले. वास मात्र नजरेआड ठेवता येईना.

भुईमुगावरून पहिला खरा वाद झाला. दाण्याचं कूट गेलं तर उपासाला राहिलं काय? मामंजी म्हणाले, शेंग जमिनीखालून निघते, तेव्हा ती कंद. मला न राहवून मी ट्रंकेतलं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की भुईमुगाचं फूल वर येतं आणि मग देठ वाकून जमिनीत शिरतो. म्हणजे शेंग हे फळ आहे. मामंजी पुस्तकाकडे आदराने बघू लागले. ते म्हणाले, बाकीच्यांचंही बघ. मी बघितलं. इंग्रजीत आपल्या एका कंदासाठी चार-पाच शब्द निघाले. बटाट्याला एक, कांद्याला दुसरा, आल्याला तिसरा, अळूच्या गड्ड्याला चौथा. रताळं तर त्यांच्या मते नुसतं फुगलेलं मूळ. मी ते सगळं आत्याबाईंपुढे मराठीत वाचून दाखवलं आणि म्हटलं, या हिशेबाने यातला एखादाच सोडला तरी चालेल.

आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान आहे पुस्तक," त्या म्हणाल्या. "पण सूनबाई, मी गयेला इंग्रजीत बोलले नव्हते."

तरी दाणे त्यांनी परत घेतले. फळ ठरल्यामुळे. साबुदाणाही राहिला, कारण तेव्हा तो ताडासारख्या एका झाडाच्या गाभ्याचा येत असे, असं त्याच पुस्तकात होतं. आता म्हणे तो कंदाचाच करतात. आत्याबाईंना ते कळायला नको होतं, आणि कळलंही नाही.

मग मामंजी कर्जतला गेले असताना स्टेशनाजवळच्या मिठाईवाल्याकडे बसले. तो उत्तरेकडचा होता. गयावळाच्या मुलखातला माणूस म्हणून मामंजींनी त्यालाच विचारलं की तुमच्यात कंद कशाला म्हणतात. त्याने थाळीतल्या कलाकंदाकडे बोट दाखवलं. कंद म्हणजे साखर, तो म्हणाला. साखरेचा खडा. म्हणून कलाकंद, म्हणून गुलकंद.

मामंजींनी ही बातमी घरी येऊन पायसुद्धा न धुता सांगितली. आत्याबाईंच्या हातात तेव्हा चहाची वाटी होती. चहा त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वीच सुरू केला होता, आणि त्यात साखर चांगली भरपूर लागे. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं होतं?" सासूबाई मामंजींना म्हणाल्या.

"खरं काय ते कळायला नको?"

"नको."

दुसऱ्या दिवशी गुळाचा चहा केला, तर दूध फाटलं. मामंजी म्हणाले, गुळाचीही ढेप असते, म्हणजे एका अर्थी... सासूबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की तो अर्थ आम्हाला कधीच कळला नाही.

आणि आता तुमची कँडी. साखरेचा कंद आणि इंग्रजी कँडी हे एकच असणार अशी मला शंका आली, म्हणून मी शब्दकोश उघडला. मामंजी माझ्या खांद्यावरून बघत होते. पहिला अर्थ खडीसाखर. तो मी मोठ्याने वाचला. खाली दुसरा अर्थ दिला होता: हिंदुस्थानात वापरतात ते धान्याचं एक माप. साहेब लोकांनी आपल्या खंडीचंही कँडी केलं होतं. आमच्याकडे वीस मणांची खंडी, आणि भात खंडीनेच मोजतात. मामंजी शेतकऱ्यांच्या गावात वाढलेले, त्यामुळे पुढचा विचार त्यांच्या डोक्यात माझ्याआधी पोचला.

"म्हणजे भातसुद्धा?" ते म्हणाले.

त्यांनी हे थट्टेत विचारलं नव्हतं. आत्याबाईंनीही थट्टेत घेतलं नाही. त्या दाणे निवडत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला. त्या दिवसांत त्यांच्या बांगड्या नसलेल्या मनगटाचं हाड दिसू लागलं होतं. लुगड्याची एक निरी जास्त येत होती.

"भात सुटला तर मी कशावर जगू, ते पण बघ गं त्यात," त्या मला म्हणाल्या.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, माझ्या हातातला शब्दकोश घेतला आणि तांदळाच्या कणगीवर झाकणाला वजन म्हणून ठेवून दिला. तो पुढे बराच काळ तिथेच होता. भाताचा प्रश्न मात्र मिटला, कारण त्यावर पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही.

चातुर्मास आला. आत्याबाई एक वेळ जेवत, तेही पांढरं वरण, भात आणि पालेभाजी. उपासाला वरी आणि ताक. केळ्यांवरही मधे संकट आलं होतं. शेजारच्या काकू सहज बोलून गेल्या की केळ काय, ती गड्ड्यातूनच फुटते. तेव्हापासून केळीही बंद झाली. गावात बोलणं सुरू झालं. विहिरीवर बायका सासूबाईंना विचारीत, "वन्संना बरं नाही का हो? वाळल्यात किती." आणि सासूबाई घरी येऊन भिंतीकडे बघत म्हणत, "उद्या काही झालं, तर भावजयीने उपाशी मारली असंच म्हणतील. कंदाने मारली असं कोणी म्हणणार नाही."

एका शनिवारी तुमच्या आजोबांनी मुंबईहून सफरचंदं आणली. त्यांना बिचाऱ्यांना आठवण नव्हती. मामंजींनी एक हातात घेतलं, फिरवून बघितलं, वास घेतला आणि परत ठेवलं. "हे असं असतं होय," म्हणाले. मग बराच वेळ झोपाळ्यावर बसून आम्ही खाताना येणारा आवाज ऐकत राहिले. आत्याबाईंनी एक फोड खाल्ली. कंद सोडून जगात काय काय मिळतं, असं म्हणाल्या.

माघ महिन्यात, भात झोडून झाल्यावर, तो गयावळ आला. हे लोक थंडीत आपल्या यजमानांच्या गावोगाव फिरत. शेजारच्या लोधिवलीत दोन घरं करून तो आमच्याकडे उतरला. त्या दिवशी एकादशी होती. त्याला उपासाचं पान वाढलं: वरीचा भात, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, आणि आमच्या मांडवाखालचा नुकता खणलेला कोन, तूप घालून. मामंजींनी त्याला जेवूही दिलं नाही. पहिल्या घासालाच विचारलं की बाबा, तुम्ही बहिणीकडून जो कंद सोडवलात तो नेमका कोणता?

गयावळाला काहीही आठवत नव्हतं. पण दक्षिणेचा प्रश्न होता, म्हणून तो पानाकडे निरखून बघू लागला. त्याने कोनाचा तुकडा उचलला. "हे तर रतालू," तो म्हणाला.

"रताळू? नाही, ते कोन. रताळी ही बघा."

"नाही, नाही. आमच्यात ही रतालू. आणि ही," त्याने रताळ्याकडे बोट दाखवलं, "ही शकरकंद. ही कंद."

मामंजींनी मांडीवर थाप मारली. "झालं. आक्का, निकाल लागला. तू रताळं सोडलंस. बाकी सगळं मोकळं. कोनसुद्धा मोकळा."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांनी लगेच कोनाचं पातेलं उचललं आणि दाराशी बसलेल्या आत्याबाईंपुढे आणून ठेवलं. आत्याबाई पातेल्यात बघत राहिल्या. जांभळ्या फोडींवर तूप वितळत होतं. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"रताळं मला आवडतच नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"मग तर उत्तमच," मामंजी म्हणाले.

"उत्तम काय? गयेपर्यंत गेले, वडाखाली उभी राहिले आणि न आवडणारं सोडून आले? मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?" त्यांनी पातेलं हळूच दूर सरकवलं. "नाही जमायचं."

सासूबाई भिंतीला टेकल्या. आता पुन्हा पांढरं वरण आणि पुन्हा वरी, आणि पुढचा चातुर्मास या बाईला झेपणार नाही, हे आम्हाला दोघींना ठाऊक होतं. आत्याबाई मात्र विचारात पडल्या होत्या. मग त्या गयावळाकडे वळल्या.

"बाबा, तुमच्या मुलखात काय म्हणतात आणि हिच्या पुस्तकात काय म्हणतात ते राहू दे. मी सोडायला गेले होते कोन. तो सोडलाच. तो मरेपर्यंत खायची नाही. पण कोनाच्या मागून बाकीचे सगळे गेले, ते मी देवाला देते असं कधी म्हटलं नव्हतं. वर्षभर सांभाळले. आता हे पाणी घ्या आणि ते मला परत द्या. वडाखाली सोडता येतं तर आमच्या ओटीवर परत घेता येत नाही का?"

असं आजवर कोणी मागितलं नव्हतं हे गयावळाच्या तोंडावर दिसत होतं. तो मामंजींकडे बघू लागला, मामंजी माझ्याकडे, आणि माझं पुस्तक तर कणगीवर होतं. शेवटी सासूबाईंनीच तांब्या त्याच्या हातात दिला.

"घाला," त्या म्हणाल्या.

त्याने आत्याबाईंच्या हातावर पाणी घातलं आणि काहीतरी संस्कृत म्हटलं. मधेच थांबून विचारलं, "काय काय परत घेतली, माई?" आत्याबाईंनी नावं घेतली. सुरण, करांदे, अळकुड्या, मुळा, बटाटा, आलं, हळद, केळी. नंतर जरा थांबून, साखर. रताळं त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं, तेही गयावळाने आठवण केल्यावर.

पण एकादशी होती. घरात शिजलेलं होतं कोन आणि रताळी. तेव्हा वर्षभरानंतर आत्याबाईंनी पहिला कंद खाल्ला तो रताळं, जे त्यांना जन्मात आवडलं नव्हतं. सासूबाई शेजारी बसून सोलून देत होत्या आणि आत्याबाई खात होत्या.

"एवढं काही वाईट नसतं," त्या मधेच म्हणाल्या.

मामंजी घुटमळत जवळ आले. "आक्का, बाबा इथेच आहेत तोवर... माझं सफरचंद?"

"तू काय सोसलंस रे त्याच्यापायी?"

"वास घेतला ना एकदा."

आत्याबाईंनी भावाकडे पाहिलं. मग गयावळाला म्हणाल्या, "माझं वर्षभराचं जास्तीचं झालंय. त्यातलं थोडं याला द्या." आणि गयावळाने, आता सरावल्यामुळे, काही न विचारता मामंजींच्या हातावरही पाणी घातलं.

तिसऱ्या प्रहरी सासूबाईंनी चहा टाकला. साखरेचा डबा हातात घेऊन त्या दाराशी आल्या. "वन्सं, तुमच्यात किती घालू?"

"वर्षाची राहिलीय," आत्याबाई म्हणाल्या. "ती घाल."